सलूनमध्ये मान मोडून घेणं बंद करू का? आणि कायरोप्रॅक्टरकडे कुणी गेलंय का?

पाटावरचा_कारागीर (जळगाव)

रामराम मंडळी. मी सराफ बाजारात दागिने घडवायचं काम करतो, वय ४३, बावीस वर्षं झाली पाटावर बसून. समोर दिवा, हातात चिमटा, आणि मान खाली ती खालीच, मणी ओवायचे किंवा डाख द्यायचा म्हटलं की डोळा अगदी वस्तूला टेकतो. आधी संध्याकाळी मान जड व्हायची, घरी बायकोने तेल लावलं की बरं वाटायचं. आता तीनेक महिन्यांपासून उजव्या फऱ्यापाशी एकाच जागी कुणी बोट रुतवून ठेवल्यासारखं दुखतंय आणि पंधरा दिवस झाले उजव्या अंगठ्याला न् शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. परवा चिमट्यातून बारीक कडी सुटली, अशी माझ्या हातून सुटत नाही हो कधी, अर्धा तास फरशीवर शोधत होतो.

माझा उपाय म्हणजे दर रविवारी दाढी झाली की सलूनवाला हनुवटी धरून दोन्हीकडे कटाक कटाक मान मोडून देतो. इतकं हलकं वाटतं की विचारू नका. पण घरी येऊन जेवेपर्यंतच, मग परत जैसे थे. भाचा सुरतला असतो, तो म्हणतो मामा त्यापेक्षा कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणके दाबून-मोडून उपचार करणाऱ्यांकडे चला, ते शिकलेले असतात. मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ पण पाहिले, माईक लावून आवाज ऐकवतात, माणूस रडत येतो हसत जातो. खरं आहे का हे? जायला हरकत नाही ना? नस दबली असेल तर मोडून सुटते का?

केळीवाला_रावेर

भाऊ मले बी मांगच्या साली असंच झालं व्हतं. कटाईच्या दिवसात मजूर कमी पडले म्हणून सोता घड उचलले, एकेक घड वीस किलोचा, खांद्यावर घेऊन बांधापर्यंत, असे दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी मान हलेचना, कोणी हाक मारली तर अख्खा माणूस फिरवा लागे. लोकांनी हाडवैद्याकडे नेलं, त्यानं तेल लावून चोळलं न् एक झटका दिला. मी वरडलो त्याच्यानं गल्लीतले कुत्रे उठले. चार दिवसात बरं झालं, पण खरं सांगू, डॉक्टर म्हणे ती लचक व्हती, चार दिवसात तशीही बरी झाली असती. हाताले मुंग्या मले नव्हत्या. तुमचं वेगळं वाटतं, आधी दाखवा.

बोरीकाठचा

भो मी बी तसंच करेल व्हतं. सलूनवालानी मान मोडी तवय तीन दिन वाकडी मान लिसन फिरनू. बायको म्हने कोनाकडे दखी राहिनात?

फिजिओ_धुळे

दादा, आधी सलूनचं बंद करा, येत्या रविवारपासूनच. मी फिजिओथेरपिस्ट आहे, तुम्हाला तपासलेलं नाही त्यामुळे निदान सांगत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात फक्त स्नायू आखडल्याची गोष्ट दिसत नाही.

मानेत सात मणके असतात. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं, मान सरळ असताना हे ओझं मणक्यांवर नीट तोललेलं असतं. मान पुढे वाकली की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं. विहिरीची बादली छातीशी धरा आणि तीच हात लांब करून धरा, तसा फरक. २०१४ साली अमेरिकेतल्या एका मणक्याच्या सर्जनने हिशोब मांडला होता की मान ६० अंश वाकवली तर मानेवर सुमारे २७ किलोचा भार येतो. तो गणिताचा आकडा आहे, प्रत्येकाच्या मानेत काटा लावून मोजलेला नाही, पण अंदाज यायला पुरे. मोबाईल बघणाऱ्या पोरांसाठी तो सगळीकडे फिरला, खरं तर तुम्ही सोनार, शिंपी, शिवणकाम करणाऱ्या बायका, तुमचं त्या पोरांच्या कितीतरी आधीपासून तेच चालू आहे.

आता मुंग्यांचं. दोन मणक्यांच्या मधून हाताकडे जाणारी नस निघते. तिथली गादी सरकली किंवा वयानुसार हाडाची कड वाढली की नसेला दाब बसतो, आणि कोणत्या बोटात मुंग्या येतात त्यावरून आम्हाला अंदाज येतो. अंगठा आणि शेजारचं बोट असेल तर बहुतेक सहावी नस, मधलं बोट असेल तर सातवी, करंगळी असेल तर आठवी. पाचवा-सहावा आणि सहावा-सातवा मणका यांच्या मधली जागाच जास्त झिजते. पण मनगटात नस दबली तरी अंगठ्याला मुंग्या येतात आणि तुमचं काम मनगटाचंही आहे, म्हणून हाताने तपासल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. चिमट्यातून कडी सुटली हे मला मुंग्यांपेक्षा जास्त खटकलं, पकडीची ताकद तपासून घ्याच.

आणि तो कटाक आवाज. लोकांना वाटतं सरकलेलं हाड जागेवर बसलं. तसं नसतं. मणक्यांच्या सांध्यात वंगणासारखं पाणी असतं, सांधा एकदम ताणला की आतला दाब कमी होतो आणि त्यात वायूची पोकळी तयार होते, बोटं मोडताना होतं तेच. म्हणून एकदा मोडलेलं बोट लगेच परत वाजत नाही, वीसेक मिनिटं जावी लागतात. त्या झटक्याने स्नायू थोडा वेळ सैल पडतात म्हणून हलकं वाटतं, तुमचं जेवणापर्यंत टिकतं ते हेच. आवाजाने दबलेली नस सुटत नाही.

भीती कशाची ते पण सांगते. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांमधूनच वर चढतात. मान जोरात पिळली तर क्वचित कधी त्यांचं आतलं अस्तर फाटतं, तिथे गुठळी होते आणि पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. हे फार दुर्मिळ आहे. शिवाय त्यात वाद पण आहे, कारण अस्तर आधीच फाटलेलं असेल तर त्याचंच पहिलं लक्षण मानदुखी असतं आणि त्या दुखण्यासाठीच माणूस मान मोडून घ्यायला जातो, मग आधी काय झालं हे ठरवणार कसं. पण सलूनवाला तुम्हाला बीपी आहे का, हाडं ठिसूळ आहेत का, संधिवात आहे का, काहीच विचारत नाही ना. सांधे सुजवणाऱ्या संधिवातात, म्हणजे आमवातात, वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात, त्यांच्या मानेला झटका देणं म्हणजे सरळ जिवाशी खेळ.

पाटावरचा_कारागीर (जळगाव)

ताई एवढं सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. सलून बंद, शब्द देतो. पण मग कायरोप्रॅक्टर हे काय वेगळं करतात, की तोच झटका फक्त एसीमध्ये?

भुसावळ_लोको

तोच झटका एसीमध्ये, बरोबर बोललात. याची सुरुवात वाचा म्हणजे कळेल. १८९५ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाचा माणूस होता, हात ठेवून चुंबकाने बरं करण्याचा त्याचा धंदा. त्याने हार्वी लिलार्ड नावाच्या बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीवर दाब दिला आणि म्हणे त्याला ऐकू यायला लागलं. पाठीच्या मणक्याचा न् कानाचा काय संबंध? कानाची नस मेंदूतून थेट निघते, मणक्यातून जातच नाही. त्यावर पामरने सिद्धांत काढला की बहुतेक सगळे रोग मणके सरकल्यामुळे होतात आणि दोन वर्षांत शाळा उघडून मोकळा झाला. आपल्याकडे बाबा लोक याहून वेगळं काय करतात? मी ३१ वर्षं इंजिनात बसलो, खिडकीतून मान बाहेर काढून सिग्नल बघितले, माझी मान शेकून आणि व्यायाम करून राहिली.

अमळनेरची_बाई

भुसावळचे दादा, सुरुवात कशीही असो, आता काय करतात ते बघाल की नाही? मी माध्यमिक शाळेत शिकवते, बोर्डाचे पेपर तपासून तपासून मानेची वाट लागली होती. मुलगा पुण्याला, त्याने तिथल्या एका कायरोप्रॅक्टरकडे नेलं. माझा अनुभव सांगते, चांगला आणि वाईट दोन्ही.

पहिल्या दिवशी मोडमोड काहीच केली नाही. पाऊण तास नुसते प्रश्न, चक्कर येते का, चालताना तोल जातो का, लघवीवर ताबा आहे का, पडला होतात का. मला वाटलं मानेसाठी आले तर हे लघवीचं काय विचारतायत, नंतर समजलं की मानेत मज्जारज्जू दाबला गेला तर पाय न् लघवीवर पण परिणाम होतो आणि अशा माणसाला हात लावायचा नसतो. ढोपरावर हातोडी मारून बघितली. जुना एक्स-रे बघितला. दुसऱ्या वेळी टेबलावर पालथं झोपवून पाठीच्या वरच्या भागावर दाब दिला, मानेला फक्त हळूहळू हलवलं, झटका दिलाच नाही, आवाज पण नाही. मी मनात म्हटलं एवढे पैसे देऊन कटकन पण झालं नाही! पण मान वळायला लागली हे खरं. आधी स्कूटी रिव्हर्स घेताना मागे बघता येत नव्हतं.

आता वाईट बाजू. चौथ्या वेळेला ते चोवीस बैठकांच्या पॅकेजचं बोलायला लागले, आधी भरले तर सूट, आणि बंद केलं तर मणके परत सरकतील असं पण सांगितलं. तिथे माझं मन उडालं. जी गोष्ट मी घरी स्वतः करू शकत नाही आणि आयुष्यभर विकत घ्यायची, तिला उपचार म्हणावं की हप्ता? सहा वेळा गेले आणि थांबले. त्यांनी जे दोन व्यायाम शिकवले होते तेवढे धरून ठेवले, दोन वर्षं झाली, ठीक आहे.

भुसावळ_लोको

बाई, मग तुम्हाला बरं केलं ते व्यायामाने. मी तेच म्हणतोय.

अमळनेरची_बाई

अहो पण मान वळतच नव्हती तर व्यायाम कसा केला असता 🙂

फिजिओ_धुळे

तुम्ही दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहात. साध्या मानदुखीत, म्हणजे हातात मुंग्या-कमजोरी नसताना, हाताने केलेल्या उपचाराने थोड्या दिवसांचा आराम मिळतो हे अभ्यासांत दिसलंय, पण झटका देऊन मिळतो तेवढाच हळू हलवूनही मिळतो. आणि सोबत व्यायाम असेल तरच टिकतो. झटक्याशिवाय भागत असेल तर धोका घ्यायचा कशाला, असं माझं मत. बाईंच्या कायरोप्रॅक्टरने पहिल्या दिवशी तपासलं आणि मानेला झटका टाळला हे चांगल्या हाताचं लक्षण, पॅकेजचं नाही.

कारागीर दादा, आणखी एक बघा. अमेरिकेत कायरोप्रॅक्टरला पूर्ण वेळ डिग्री आणि लायसन्स लागतं. आपल्याकडे त्यांच्यासाठी डॉक्टरांसारखी वेगळी कौन्सिल नाही, त्यामुळे परदेशात शिकून आलेला पण तीच पाटी लावतो आणि थोड्या दिवसांचा कोर्स केलेला पण. गेलात तर शिक्षण कुठे झालं हे तोंडावर विचारा, चिडला तर उठून या.

पण तुम्ही सध्या आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, किंवा निदान जळगावातल्याच चांगल्या फिजिओला. हाताची ताकद कमी होत गेली, चालताना पाय लडखडले, शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली, किंवा अचानक कधी नव्हे तशी मान दुखून चक्कर, दोन दोन दिसणं, बोबडी वळणं असं काही झालं तर वाट न बघता दवाखाना. तोपर्यंत पट्टा लावून बसू नका, आठ-आठ दिवस पट्टा लावला की स्नायू आळशी होतात.

केळीवाला_रावेर

ताई उशीचं पण सांगा ना, आमच्याकडे म्हाताऱ्या म्हणतात उशी काढून टाका.

फिजिओ_धुळे

काढून टाकू नका. कुशीवर झोपत असाल तर खांदा आणि कान यांच्या मधली जागा भरेल एवढी जाड, उताणे झोपत असाल तर पातळ. फक्त पालथं झोपू नका, रात्रभर मान एका बाजूला पिळलेली राहते. नवीन उशी आणायच्या आधी टॉवेलची सुरळी करून मानेखाली ठेवून बघा, फुकट आहे.

पाटावरचा_कारागीर (जळगाव)

दीड महिन्याने लिहितोय, उशीर झाला, लग्नसराईचं काम होतं.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझं डोकं उजवीकडे झुकवून वरून हळूच दाबलं आणि त्याच क्षणी अंगठ्यात वीज गेली, मी म्हटलं हेच ते, हेच. एक्स-रेमध्ये पाचवा-सहावा मणका जवळ आलेला. डॉक्टर म्हणाले या वयात दुखत नसलेल्यांच्या पण एक्स-रेत असं दिसतं, फोटो बघून घाबरू नका. पकड थोडी कमी होती, पण एमआरआय आत्ता नको म्हणाले, सहा आठवडे फिजिओ करू, बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय सुटतं, पकड आणखी कमी झाली तर लगेच या. सुरतला गेलो नाही. भाच्याला वाईट वाटलं, असो.

फिजिओने हनुवटी मागे नेण्याचा व्यायाम दिला, डबल हनुवटी करतो तसं, दहा वेळा, दर तासाला. बाजारात सगळे हसायचे, आता शेजारच्या पाटावरचे दोघं पण करतात. फऱ्यातलं दुखणं बरंच गेलं, मुंग्या आता फक्त अंगठ्याच्या टोकाला आणि त्या पण संध्याकाळी. कडी परत सुटली नाही.

सलूनवाला मात्र अजून दाढी झाली की सवयीने दोन्ही हात हनुवटीकडे नेतो, मी ओरडलो की थांबतो.

अमळनेरची_बाई

छान वाटलं वाचून. पाटाचं काय केलंत? बसायचं तसंच का?

पाटावरचा_कारागीर (जळगाव)

नाही ताई, तेच लिहायचं राहिलं. काम ठेवायच्या लाकडाखाली सुताराकडून सहा इंचाचा ठोकळा करून घेतला आणि दिवा डाव्या बाजूने खाली आणला, आता वस्तू डोळ्याकडे येते, मी वस्तूकडे जात नाही. पहिले आठ दिवस हात अवघडले होते आणि एक पाटली बिघडवली. आता भिंगाचा चष्मा घ्यायचाय, कोणी वापरत असेल तर कोणत्या नंबरचा ते सांगा.