मदत हवी आहे: खासगीतून सरकारी शाळेत गेलेल्या मुलांचे अनुभव सांगाल का?

मुलगी नववीत जाईल. आतापर्यंत खासगी शाळेत शिकली, आता स्वतःच म्हणते, "मला सरकारी शाळेत जायचंय." कारण विचारलं तर म्हणाली, "इथे सगळे आधी एकमेकांचे बूट आणि फोन बघतात." ऐकून पोटात कालवलं.

निकालाची मला फारशी धास्ती नाही. 15 वर्षांच्या मुलांच्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत खासगी शाळा पुढे दिसतात खऱ्या, पण घरची परिस्थिती हिशेबात धरली की ती आघाडी उरत नाही. 2018च्या चाचणीत तर अशा तुलनेत ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटाच्या सरासरीत वाचनात सरकारी शाळांची मुलं वरचढ ठरली.

काळजी वेगळीच आहे. भरलेल्या वर्गात हात वर केला तर शिक्षकांचं लक्ष जातं का? जुने घट्ट ग्रुप नव्या मुलीला सामावून घेतात का? आणि ती गप्प गप्प राहायला लागली, तर शाळेत कुणाच्या लक्षात येईल का? मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

कुणाच्या मुलांनी या वयात शाळा बदलली असेल, किंवा कुणी स्वतः दोन्हीकडे शिकलं असेल, तर पहिले काही महिने कसे गेले ते सविस्तर लिहा. सरकारीतून खासगीत गेलेल्यांचंही ऐकायचंय. प्रवेशाची मुदत जवळ आली आहे.