मदत हवी आहे: पराटीची (कपाशीची) पानं भेंडीवाणी झाली

पराटीवाला_दारव्हा
लवकर सांगा. ४० दिवसांची पराटी आहे, २ एकर. शेंड्याकडची पानं भेंडीवाणी लांबट, बोटं फुटल्यासारखी झाली. फोटो चढत नाही. दुकानदार व्हायरस म्हणते, औषध दिलं हजाराचं. उद्या मारू का?

काळीमाती_अकोला
थांबा. आसपास कोणी टू फोर डी तणनाशक मारलं का?

बोगस_बियाणं
बियाणंच खराब. पिशवी जपून ठेवली का?

पराटीवाला_दारव्हा
टू फोर डी मीच मारलं ना, धुऱ्यावर (बांधावर), ८ दिवस झाले. हूड (नोझलवरची टोपी) लावून मारलं, पराटीवर थेंब नाही पडू दिला. मागच्या सालीही मारलं होतं, काही झालं नाही. म्हणून लिहिलं नव्हतं.

काळीमाती_अकोला
घ्या! कोणत्या प्रकारचं, अमाइन सॉल्ट ५८ टक्के होतं की इथाइल इस्टर ३८ टक्के?

पराटीवाला_दारव्हा
टू फोर डी म्हणजे टू फोर डी. डबा फेकला.

निंदण_बरं
बाया लावून निंदलं असतं तर ही पाळी आली नसती.

पराटीवाला_दारव्हा
बाया पाठवा मग.

काळीमाती_अकोला
पंपात टाकल्यावर पाणी दुधावाणी झालं का?

पराटीवाला_दारव्हा
हो, यंदा पांढरं झालं. मागच्या साली नव्हतं. मले वाटलं माल कडक आहे.

काळीमाती_अकोला
मग इस्टरच. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून ईसीत (तेलकट द्रावणात) येतं अन् पाणी दुधाळ होतं. त्याची वाफ होते. उघाड पडून ऊन तापलं की फवारलेल्या तणावरून वाफ उठते, वाऱ्यासंगं पराटीवर जाते. हूडनं थेंब अडतो, वाफ नाही. अमाइन म्हणजे मीठ, पाण्यात विरघळतं, वाफ जवळपास नाहीच. झाडात गेल्यावर दोन्हीचं ॲसिड तेच, अन् पराटीला ते जरासंही सोसत नाही.

पंपदुरुस्ती_पुसद
वाफबीफ सोडा. त्याच पंपानं तुडतुड्याचं मारलं असेल. इस्टर नळीच्या रबरात मुरतं, नुसत्या पाण्यानं निघत नाही.

काळीमाती_अकोला
तसं असतं तर सगळं वावर सारखं दिसलं असतं. कुठं जास्त आहे?

पराटीवाला_दारव्हा
धुऱ्याकडच्या १५-२० तासांत (ओळींत). मधात चांगली आहे.

पंपदुरुस्ती_पुसद
बरं, वाफ. तरी तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा.

सोयाबीन_चांदूर
माझंही सांगा, पेंडीमेथॅलिन तणनाशक ३० ईसी घेऊ की ३८.७ सीएस?

काळीमाती_अकोला
धागा वेगळा काढा. सीएस बारीक कुप्यांत बंद असतं, हळूहळू सुटतं, उन्हात कमी उडतं. पण मात्रा वेगळी, डब्यावरची पाहा.

जीवामृत_वर्धा
जीवामृत सोडा, विष उतरते.

काळीमाती_अकोला
उतारा नाही याला. व्हायरसचं औषध तर मुळीच नको, परत करा. नवीन पानं सरळ येतात का ते १५ दिवस पाहा, तोवर मोडू नका.

पराटीवाला_दारव्हा
दुकानदार म्हणते सील फोडलं, आता वापस नाही.