मदत हवी आहे: पणजीतल्या छोट्या तळ्याचा गाळ कसा काढावा?

नमस्कार मंडळी. आमच्या वाड्यामागे मांडवीच्या भरतीचं पाणी येतं असं एक तळं आहे. मानशीची (भरती-ओहोटीचं पाणी अडवायच्या-सोडायच्या झडपेची) दारं मोडल्यापासून ते भरतच चाललंय. रविवारी आम्ही दोघांनी होडीतून खुणा केलेला बांबू घालून मोजलं. ओहोटीला पाणी जेमतेम हातभर, खाली अडीच-तीन फूट काळा गाळ. बांबू वर काढला की कुजक्या अंड्यांचा वास! तळं ६० बाय २५ मीटर, गाळ सरासरी ०.८ मीटर, म्हणजे १२०० घनमीटर. १० घनमीटरच्या टिपरच्या १२० खेपा.

काठावरून लांब हाताचा पोकलेन लावावा म्हटलं, तर जुना मातीचा बांध खचेल अशी धास्ती. तरंगत्या पंपाने उपसावा तर निघणाऱ्यात बहुतेक पाणीच. ते निथळायला जागा कुठून आणू? जिओट्यूब (पाणी झिरपून जातं आणि गाळ आत राहतो अशा लांब कापडी पिशव्या) कोणी वापरल्यात का? चिखल किती दिवसांत उचलण्याजोगा होतो?

एक शेजारी म्हणतात, माडांच्या मुळाशी टाका. मला पटत नाही. खारा गाळ, त्यात असा वास येणारा सुकला की आम्लही होतो. आधी तपासणी करून घेतलेली बरी. पण नमुने किती आणि किती खोलीवरून घ्यायचे?

कांदळवनाला हात लावणार नाही. गोवा किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाकडे अर्ज करायचाय; नकाशाबरोबर काय काय जोडलंत ते अनुभवी लोकांनी सांगावं. पावसाच्या आधी काम उरकायचंय.