नवीन बोटीचा ताबा घेण्याआधी काय काय तपासावं?

नवखा_नाविक

फायबरची उघडी बोट आहे, लांबी ६ मीटर. मागे ११५ अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बाहेर टांगलेलं इंजिन), दोन बॅटऱ्या, सोबत ट्रेलर. हल (बोटीचं मुख्य कवच) कारखान्यातून आला; इंजिन, हायड्रॉलिक स्टिअरिंग, जीपीएस आणि फिशफाइंडर डीलरने बसवलंय. बोट कायम खाऱ्या पाण्यात चालेल.

पुढच्या आठवड्यात ताबा आहे. डीलरचं म्हणणं, "अर्ध्या तासाचं काम, सगळं दाखवतो, सही करा आणि घेऊन जा." नव्या कोऱ्या बोटीत नेमकं काय बघायचं? सर्व्हेअर (बोट तपासून देणारा तज्ज्ञ) लावावा का? आणि यार्डात पाण्याचा पाइप लावून इंजिन चालवून दाखवलं तर तेवढं पुरे, की पाण्यात उतरवायचा आग्रह धरावा?

---

ओहोटी

अर्ध्या तासात फार तर कुशन मोजून होतील. अर्धा दिवस मागा, तोही सकाळचा. बोट ट्रेलरवर, कोरडी आणि उघड्यावर हवी. ओल्या जेलकोटवर (फायबरवरचा बाहेरचा चकचकीत थर) सगळंच चकाचक दिसतं आणि शेडमधल्या ट्यूबलाइटखाली पृष्ठभागावरच्या लाटा दिसत नाहीत.

आधी नंबर. हलचा नंबर ट्रान्समच्या (बोटीची मागची सपाट भिंत) उजव्या बाजूला, वरच्या कोपऱ्याजवळ कोरलेला असतो. तो आणि इंजिनच्या ब्रॅकेटवरचा सिरियल नंबर कागदांशी एकेक अक्षर ताडून बघा. एक अक्षर चुकलं तरी नोंदणी, विमा आणि वॉरंटी तिन्ही ठिकाणी अडकता. बोटीवरच्या प्लेटवर किती माणसं, किती वजन, किती अश्वशक्ती चालेल ते लिहिलेलं असतं, तेही वाचा.

मग हल. मागच्या कोपऱ्यात उभं राहून, डोळा हलच्या रेषेत आणून पुढे बघा. तिरप्या उन्हात पृष्ठभाग लाटालाटांचा दिसला तर साचा किंवा लॅमिनेट (फायबरचे थर) कुठेतरी बिघडलंय. रंगात चौकोनी डाग, वेगळी चमक किंवा पॉलिशच्या गोल खुणा म्हणजे तिथे डागडुजी झाली आहे. कारखान्यात डागडुजी होणं हा गुन्हा नाही, पण कशाची झाली ते विचारा. क्लीटभोवती (दोरी बांधायचा खुंटा), डेकच्या आतल्या कोपऱ्यांत आणि पायरीच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा शोधा. हलच्या कडांवर नाण्याने टकटक करत जा. आवाज एकदम पोकळ झाला की जेलकोटखाली हवा राहिली आहे, आणि पहिल्या धक्क्याला तिथला कपचा निघतो.

एवढं झाल्यावर ट्रेलरखाली शिरा. ही तपासणी फार कमी लोक करतात. दीड मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी हलच्या तळाला, ट्रान्समपासून पुढच्या दिशेने, कीलला (तळाच्या मधोमध जाणारी कड) समांतर लावा. दोन्ही बाजूंना, प्रत्येकी दोन-तीन जागी. पट्टीच्या मध्याखाली फट दिसली तर तळ आत दबलाय, त्याला हूक म्हणतात. अशी बोट वेगात नाक खाली घालते. उलट पट्टी मध्यावर टेकून टोकांना डुलली तर तळ बाहेर फुगलाय, आणि मग ट्रिम (इंजिनचा तिरपा कोन) जरा वर केला की बोट घोड्यासारखी उड्या मारते. २-३ मिलीमीटरहून जास्त फरक असेल किंवा डाव्या-उजव्या बाजूंत फरक असेल तर बोट तिथेच थांबवा आणि बांधणाऱ्याकडून लेखी उत्तर मागवा. काही बोटींच्या तळाला मुद्दाम थोडा बाक दिलेला असतो, पण तो दोन्हीकडे सारखाच असतो. हूक येतो तो एकतर रेझिन पुरतं पिकण्याआधी हल साच्यातून काढल्यामुळे, नाहीतर ट्रेलरचे आधार ट्रान्समपर्यंत न पोहोचल्यामुळे. दुसरं कारण असेल तर दोष ट्रेलरचा आणि तो जोडून देणाऱ्याचा.

हल आणि डेकचा जोड रबरी पट्टीखाली लपलेला असतो. एकाला आत टॉर्च घेऊन बसवा आणि बाहेरून पाइपने जोडावर दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडा. आत ओघळ दिसला तर सीलंट तुटक लावलंय. नांगराच्या कप्प्यात हात घालून क्लीट आणि पुढच्या यू-बोल्टचे नट चाचपा. मागे जाड प्लेट किंवा मोठा वॉशर आणि नायलॉन लॉकचा नट हवा. नुसत्या स्क्रूवर बसवलेली क्लीट चालवून घेऊ नका.

---

दोन_वायरी

वरचं सगळं बरोबर, पण माझ्या मते खरी मेख पुढे आहे. नवीन बोट दोनदा तयार होते: एकदा कारखान्यात साच्यात, आणि दुसऱ्यांदा डीलरच्या शेडमध्ये ड्रिल मशीनने. कारखान्यात एकच काम शेकडो वेळा होतं. डीलरकडे तुमच्या बोटीला पाडलेली भोकं पहिल्यांदाच पडत असतात. त्यामुळे डीलरने जिथे जिथे हात लावला ते सगळं आधी तपासा.

ट्रान्सम: इंजिनचे चार बोल्ट. बाहेर बोल्टभोवती सीलंट किंचित बाहेर आलेलं दिसलं पाहिजे, आत मोठे वॉशर हवेत. फिशफाइंडरचा ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनी सोडणारा सेन्सर) ज्या स्क्रूंवर आहे ते बहुधा पाण्याच्या पातळीखाली येतात. स्क्रू कोरडे फिरवले असतील तर पाणी ट्रान्समच्या गाभ्यात शिरतं, आणि गाभा प्लायवूडचा असला तर तो काही वर्षांत कुजतो. एक स्क्रू तुमच्यासमोर काढून दाखवा म्हणावं. आट्यांना सीलंट चिकटलेलं असलं पाहिजे. अजून बसवला नसेल तर आधी जाड प्लास्टिकचा तुकडा चिकटवून त्यावर बसवायला सांगा. पुढे ट्रान्सड्यूसर बदलला तरी हलला नवं भोक पडत नाही.

बॅटरी: विश्रांतीत १२.६ ते १२.८ व्होल्ट, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास. बॅटरी हाताने जोर लावून ढकला, २५ मिलीमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. पॉझिटिव्ह टोकावर टोपी हवी. जाड केबल पंखाच्या नटाने आवळली असेल तर साधा षटकोनी नट लावायला सांगा. पंखाचा नट लाटांच्या हादऱ्याने ढिला होतो, आणि मग चालत्या इंजिनचं चार्जिंग तुटतं. स्टार्टरची केबल सोडून बॅटरीवरून निघणाऱ्या प्रत्येक पॉझिटिव्ह वायरला बॅटरीपाशीच फ्यूज हवा. बोटींसाठीच्या अमेरिकन एबीवायसी मानकात हे अंतर साधारण १८ सेंटीमीटर आहे. डीलरने जीपीएसची वायर थेट बॅटरीला जोडून फ्यूज पार डॅशबोर्डखाली ठेवलेला असतो. मधल्या चार मीटर वायरला मग कसलंच संरक्षण नाही.

एखादा जोड उघडून वायरचा रंग बघा. खाऱ्या पाण्यासाठी कथिलाचा मुलामा असलेली, चंदेरी दिसणारी तांब्याची वायर लागते. लालसर उघडं तांबं असेल तर वर्षा-दोन वर्षांत ते आतून काळं-हिरवं पडतं.

बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा): मुख्य स्विच बंद करा आणि तळात बादलीभर पाणी ओता. फ्लोटने (पाण्यावर तरंगणारा स्विच) पंप आपोआप चालू झालाच पाहिजे. झाला नाही तर धक्क्याला बांधलेली बोट रात्रीच्या पावसात भरेल. पंप चालू असताना व्होल्टेज बॅटरीवर मोजा आणि मग पंपाच्या वायरवर मोजा. बॅटरीवर १२.६ असेल तर पंपापाशी १२.२ च्या खाली जायला नको. ३ टक्क्यांचा हिशेब आहे. जास्त पडत असेल तर वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा. फ्यूज पंपावर लिहिलेल्या अँपिअरचाच हवा. मोठा फ्यूज घातला की पंखा कचऱ्याने अडकल्यावर फ्यूज उडत नाही, पंपच वितळतो.

दिवे: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, प्रत्येकी ११२.५ अंश. १२ मीटरपेक्षा लहान बोटीला वर सगळीकडून दिसणारा एक पांढरा चालतो. पुढची कड वाकडी असते, त्यामुळे त्या वळणावर तशाच ठोकलेल्या लाल-हिरव्या दिव्यांचा कोन चुकतो. अंधार करून बोटीच्या पुढे चालत डावीकडून उजवीकडे जा. नाकासमोरची थोडी पट्टी सोडली तर दोन्ही रंग एकदम दिसता कामा नयेत.

---

नवखा_नाविक

दोघांचेही आभार. इंधनाच्या टाकीचं काय? ती डेकखाली आहे, दिसतच नाही. डीलर दहा लिटर घालून देणार आहे.

---

ओहोटी

दहा लिटरवर टाकी सहसा गळत नाही! गळते ती पूर्ण भरल्यावर, कारण गेजच्या सेन्सरचं गॅस्केट आणि भरण्याच्या पाइपचा जोड टाकीच्या माथ्यावर असतात. स्वतःच्या पैशाने काठोकाठ भरा, बोटीचं नाक जरा वर-खाली करा, झाकणं बंद ठेवून तासभर थांबा आणि मग तपासणीचं झाकण उघडून नाक घाला. वास आला तर ताबा नाही. यावर घासाघीस नको.

भरताना पेट्रोल पंपाचा नोझल सारखा खटकन बंद पडत असेल तर हवा बाहेर जाणाऱ्या नळीला कुठेतरी झोल आहे आणि त्यात पेट्रोल साचतंय. नळी सरळ चढती बांधून घ्यायची, बस्स. भरण्याच्या जाड पाइपला प्रत्येक टोकाला दोन-दोन क्लिपा हव्यात. क्लिपांना लोहचुंबक लावून बघा: पट्टी स्टेनलेसची पण स्क्रू साध्या लोखंडाचा, ही हातचलाखी सर्रास चालते. प्राइमर बल्बवरचा (इंधन हाताने पुढे ढकलायचा रबरी फुगा) बाण इंजिनकडे, आणि मध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर.

---

सुकाणू४२

पाण्यात उतरवण्याबद्दल. पाइप लावून यार्डात इंजिन सुरू होतं, थंड पाण्याची धार दिसते, एवढंच कळतं. गिअरवरचा भार, स्टिअरिंगची ओढ, बोट कुठे गळते का, यातलं काही कळत नाही. आग्रह धराच.

उतरवण्याआधी ट्रेलरवरच स्टिअरिंग बघा. चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. स्प्रिंगसारखं लागलं तर आत हवा आहे, ती काढून घ्या. आता इंजिन पूर्ण वर उचलून दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि नळ्या-केबलींवर नजर ठेवा. ताण पडतो का, मुडपतात का, इंजिनचं झाकण कुठे घासतं का? आखूड कापलेली नळी इथेच सापडते. इंजिन खाली असताना प्रॉपेलरच्या वरची आडवी प्लेट हलच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्यावर २५ मिलीमीटरपर्यंत असावी. त्याहून वर असेल तर वळणावर प्रॉपेलर हवा ओढतो, खाली असेल तर पाणी उडतं आणि वेग जातो.

पाण्यात गेल्यावर इंजिन लगेच सुरू करू नका. दहा मिनिटं नुसती तरंगू द्या आणि टॉर्चने तळ बघा, विशेषतः ड्रेन प्लगच्या कडेने. मग गिअर टाकून चावी फिरवा. इंजिन सुरू व्हायला नको. न्यूट्रलमध्ये सुरू करून किल स्विचची दोरी ओढा, ते तत्काळ बंद पडलं पाहिजे. पुढे-मागे गिअर, ट्रिम वर-खाली, मध्यम वेगात सरळ रेषेत चाक सैल सोडून बघणं. बोट एका बाजूला ओढत असेल तर आडव्या प्लेटखालचा छोटा पंख फिरवून दुरुस्त होते, पाच मिनिटांचं काम.

पण पूर्ण थ्रॉटल त्या दिवशी देऊ नका. ब्रेक-इनचा (नवं इंजिन रुळवण्याचा) सर्वसाधारण नियम असा: पहिला तास अर्ध्या थ्रॉटलपर्यंत, दुसरा तास पाऊणपर्यंत, पुढचे आठ तास सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त पूर्ण थ्रॉटल नाही. नेमके आकडे तुमच्या इंजिनच्या पुस्तकातले धरा.

---

दोन_वायरी

इथे एक अडचण आहे. प्रॉपेलर बरोबर आहे की नाही ते पूर्ण थ्रॉटलशिवाय कळत नाही. नेहमीच्या वजनात इंजिन कंपनीने दिलेल्या आरपीएमच्या पट्ट्यात पोहोचलं पाहिजे. खालीच अडकलं तर इंजिन कायम ओझ्याखाली कण्हत चालणार. पट्ट्याच्या वर गेलं तर लिमिटर (आरपीएम रोखणारी यंत्रणा) लागणार.

---

सुकाणू४२

म्हणूनच ती अट कागदावर घ्या: "पहिल्या २० तासांत, पूर्ण टाकी आणि नेहमीच्या माणसांसह आरपीएम पट्ट्यात आले नाहीत तर डीलर प्रॉपेलर बदलून देईल." पिचमध्ये (प्रॉपेलर एका फेऱ्यात जितका पुढे सरकेल ते अंतर) एका इंचाचा फरक म्हणजे साधारण १५० ते २०० आरपीएम. चाचणीला दोन माणसं आणि अर्धी टाकी असेल तर आकडा फसवा चांगला येतो, त्यावर जाऊ नका.

आणि लॅपटॉप जोडून इंजिनचा रिपोर्ट छापून घ्या. एकूण तास आणि जुने फॉल्ट दोन्ही त्यात येतात. नव्या इंजिनवर बरेच तास दिसले तर बोट कुणाला तरी फिरवून दाखवण्यात वापरली गेली आहे. वॉरंटी कोणत्या तारखेपासून नोंदवली तेही त्याच वेळी विचारा.

सर्व्हेअर: केबिन, इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं इंजिन) किंवा दोन इंजिनं असती तर डोळे झाकून लावा म्हटलं असतं. ६ मीटरच्या उघड्या बोटीला तुमचा अर्धा दिवस, मल्टीमीटर, टॉर्च, लोहचुंबक आणि ती सरळ पट्टी पुरते. लावलाच तर डीलरने सुचवलेला नको.

---

नवखा_नाविक

डीलरशी बोललो. तो म्हणतो, जे काही निघेल ते २० तासांच्या पहिल्या सर्व्हिसला एकत्र करून देतो, आत्ता सही करा.

---

ओहोटी

थांबू शकणाऱ्या गोष्टी: जेलकोटचा टवका, कप्प्याचं वाकडं झाकण, सैल स्क्रू, रेडिओ. त्यांची यादी करा, प्रत्येकापुढे तारीख आणि डीलरची सही, आणि शेवटच्या हप्त्यातली थोडी रक्कम मागे ठेवा. थांबू न शकणाऱ्या: पेट्रोलचा वास, स्टिअरिंग, ट्रान्समचं सीलंट, आपोआप न चालणारा पंप, हूक, न जुळणारा नंबर. यातलं एकही बाकी असेल तर "सर्व समाधानकारक मिळाले" या ओळीवर सही करायची नाही. तो कागद नंतर तुमच्याच विरोधात दाखवला जातो.

---

सुकाणू४२

ट्रेलर राहिला. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नव्या ट्रेलरला चार वर्षांचे टायर नकोत. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा, खडखडलं तर बेअरिंग ढिलं. ट्रेलरच्या क्षमतेत हलबरोबर इंजिन, बॅटऱ्या आणि पूर्ण टाकीही धरा. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं. घरी नेताना ८० किलोमीटरवर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा, नवीन रिमवर ते बसतात आणि सैल होतात.