मदत हवी आहे: भारतातून आणलेला फोन अमेरिकेत नीट चालेल का?

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत, एडिसनला राहते. माझ्या फोनचं चार्जिंग पोर्ट इतकं सैल झालंय की वायर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवल्याशिवाय चार्जच होत नाही. मला हवा असलेला अँड्रॉइड फोन पुण्यात माझा भाऊ चार महिन्यांपासून वापरतोय. इथे आमच्या मोबाईल कंपनीच्या दुकानात मात्र दर वेळी "लवकरच येतोय" एवढंच ऐकायला मिळतं. त्याच्या जवळपास जाणारा जो आहे, तो महिना ३० डॉलर, ३६ महिने. सवलत हवी तर महागडा प्लॅन घ्या, मध्येच कंपनी सोडली तर उरलेली सवलत बुडाली, आणि हप्ते फिटेपर्यंत फोन लॉक, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम चालणार नाही. तीन वर्षं बांधून घ्यायचं, तेही त्यांनी निवडलेल्या फोनसाठी! फार संताप येतो.

भाऊ दिवाळीनंतर येतोय, फोन आणेन म्हणतो. पण धास्ती वाटते. २०२२ मध्ये इथलं थ्रीजी बंद झालं, म्हणजे व्होल्टी (फोरजीवरून कॉल करायची सोय) चाललं नाही तर साधा कॉलही लागणार नाही. शिवाय १२, १३, ७१ हे इथल्या कंपन्यांचे बँड (सिग्नलचे ठरावीक रेडिओ पट्टे) भारतातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये नसतात. मी तळघरात बसून काम करते, तिथे भिंती भेदून चांगले पोचतात ते असेच बँड.

कुणी असा फोन आणून वापरलाय का? कुठल्या मॉडेलचा अनुभव चांगला आहे? आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) दिला तर इथली मोबाईल कंपनी खरेदीआधी खात्रीने सांगते का? घरात लहान मुलगी आहे, त्यामुळे ९११ हा इथला आणीबाणीचा नंबर लागतो की नाही, हे मला आधी कळायला हवं.