मदत हवी आहे: '५२ रीइश्यू टेलिकास्टरचा स्विच बिघडलाय की मुळात असाच?

नमस्कार मंडळी,

गिटारवाल्या जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

वडिलांचे एक मित्र बरीच वर्षं अमेरिकेत होते. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी तिथे नवी घेतलेली फेंडर कंपनीची टेलिकास्टर (इलेक्ट्रिक गिटार) आता विकायला काढली आहे. पिवळसर बॉडी (बटरस्कॉच म्हणतात तो रंग), काळा पिकगार्ड, मेपलची नेक, ब्रिजवर (बॉडीवर तारा बसतात तो पत्रा) पितळेचे फक्त तीन सॅडल (तारांखालचे आधार) आणि ब्रिजच्या पत्र्यावरच ठोकलेला सिरियल नंबर. काका सांगतात की ही '५२ रीइश्यू आहे, म्हणजे १९५२ च्या मॉडेलबरहुकूम नंतर बनवलेली. माझा मावसभाऊ मात्र नेटवर जुन्या टेलिकास्टरच्या किमती बघून हटून बसलाय की ही खरीच १९५२ ची असणार आणि काकांना त्याचा पत्ता नाही.

खरी अडचण स्विचची आहे. स्विच मागे, ब्रिजकडे ठेवला की आवाज खणखणीत, टेलीचा म्हणून ओळखतो तोच. मधे ठेवला की दोन्ही पिकअप (तारांचा कंप पकडणारे, एक ब्रिजजवळ, एक नेकजवळ) एकत्र वाजायला हवेत, पण नुसता नेकचा पिकअप वाजतो. आणि पुढे ठेवला तर तोंडावर गोधडी घेऊन कुणी बोलतंय असा आवाज. तिथे टोनचा नॉब कितीही फिरवा, काडीचा फरक पडत नाही.

आमच्याकडच्या रिपेरवाल्याने ऐकताक्षणी निकाल दिला: वायरिंग चुकलंय, स्विच आणि पॉट (नॉबखालचा भाग) काढून सगळं नवीन टाकू. काका म्हणतात घेतली तेव्हापासून ती अशीच आहे, ते कायम मागच्याच पोझिशनवर वाजवायचे.

प्रश्न असे: हा बिघाड आहे का? मूळची की रीइश्यू हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि १९८० च्या दशकात कंपनीला तीस वर्षांपूर्वीचं मॉडेल पुन्हा काढावंसं का वाटलं? शिवाय ॲक्शन (तारांची उंची) खाली घेतली की वरच्या फ्रेट्सवर बेंड करताना (तार बाजूला ओढताना) सूर मरतो, आणि ट्रस रॉडचा (नेकमधल्या सळईचा) स्क्रू हेडस्टॉकवर कुठेच दिसत नाही.

किंमत विचारू नका, अजून बोलणी चालू आहेत. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

किंमत सांगितलीत तर सल्ला नीट देता येईल. (ह.घ्या.)

प्रतिसाद २

रिपेरवाल्याला आधी थांबवा! बाकीचं सावकाश वाचा.

तुम्ही वर्णन केलंय ते १९५२ चं वायरिंग जसंच्या तसं आहे. मागे ब्रिज पिकअप टोनसकट, मधे नेक पिकअप टोनसकट, आणि पुढे नेक पिकअपच, पण एका मोठ्या कपॅसिटरमधून. तो कपॅसिटर आवाजातला तीक्ष्ण भाग (ट्रेबल) ग्राउंडला सोडून देतो आणि टोनचा नॉब त्या पोझिशनला जोडलेलाच नसतो. म्हणून नॉब फिरवून काही होत नाही. फेंडरने टेलीवर हीच व्यवस्था १९६७ पर्यंत ठेवली. मधे दोन्ही पिकअप एकत्र, ही आपल्याला आज नेहमीची वाटणारी सोय त्यानंतरची. रीइश्यू काढताना त्यांनी रंग आणि स्क्रूंबरोबर वायरिंगसुद्धा जुनंच ठेवलं. पुढच्या काळातल्या '५२ रीइश्यू आधुनिक वायरिंगने यायला लागल्या, पण तुमच्या काकांची त्याआधीची दिसते.

असला घुसमटलेला आवाज कुणाला हवा होता, असं वाटेल. ही गिटार बाजारात आली तेव्हा इलेक्ट्रिक बास असं काही दुकानात मिळत नव्हतं. फेंडरचा प्रिसिजन बास १९५१ च्या शेवटी आला. छोट्या बँडमध्ये गिटारवाल्यालाच खालची बाजू भरून काढावी लागली, तर एका खटक्यात जाड, बोथट आवाज मिळावा म्हणून ही सोय, असं सहसा सांगितलं जातं. मला ते पटतं, कारण लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नव्हता. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वाजवणारे येऊन अडचण सांगायचे आणि हा त्यावर सर्किट काढायचा. १९५२ च्या आधीच्या गिटारींवर तर दुसरा नॉब टोनचा नव्हताच. मागच्या पोझिशनला नेकचा आवाज ब्रिजच्या आवाजात किती मिसळायचा, ते त्याने ठरायचं.

त्या काळात नावाचाही एक घोळ झाला. दोन पिकअपची ही गिटार १९५० मध्ये 'ब्रॉडकास्टर' म्हणून आली. ग्रेच कंपनीचे 'ब्रॉडकास्टर' नावाचे ड्रम आधीपासून बाजारात होते, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. १९५१ च्या फेब्रुवारीत त्यांनी हरकत घेतली. फेंडरवाल्यांनी वाद न घालता छापून ठेवलेल्या स्टिकरवरचं नाव कात्रीने कापलं आणि नुसतं 'फेंडर' चिकटवून गिटारी विकल्या. संग्राहक आज त्यांना 'नोकास्टर' म्हणतात. मग फेंडरची विक्री सांभाळणाऱ्या डॉन रँडलने टेलिव्हिजनच्या नव्या लाटेवरून 'टेलिकास्टर' सुचवलं. त्यामुळे १९५२ हे वर्ष असं आहे की नाव पक्कं झालंय, टोनचा नॉब आलाय, पण काळा पिकगार्ड आणि पितळी सॅडल अजून तेच.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाला +१. रीइश्यू का काढली त्याबद्दल थोडं.

सीबीएस या अमेरिकन रेडिओ-टीव्ही कंपनीने १९६५ मध्ये १३ दशलक्ष डॉलरला फेंडर विकत घेतली. उत्पादन भरमसाट वाढवलं आणि सत्तरच्या दशकात दर्जा घसरला, वजनही वाढलं. वाजवणारे 'प्री-सीबीएस' गिटारी शोधायला लागले आणि जुन्या वाद्याला नव्यापेक्षा जास्त भाव आला. त्याच वेळी जपानी कारखाने जुन्या फेंडरच्या इतक्या बरहुकूम नकला काढत होते की फेंडरच्याच नव्या गिटारी शेजारी ठेवल्या तर शरम वाटावी. १९८१ मध्ये यामाहामधून बिल शुल्त्झ, डॅन स्मिथ वगैरे मंडळी आली. १९८२ मध्ये फेंडर जपान उभी राहिली, तिच्या गिटारी मात्सुमोतोच्या फुजीजेन कारखान्यात बनायच्या. त्याच वर्षी अमेरिकेतही '५२ टेली, '५७ आणि '६२ स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर, फेंडरचीच दुसरी गिटार) अशी व्हिंटेज मालिका जाहीर झाली. १९८५ मध्ये शुल्त्झच्या गटाने कंपनी १२.५ दशलक्षला परत घेतली, म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या किमतीपेक्षा कमीतच. फुलर्टनचा कारखाना त्या सौद्यात नव्हता, म्हणून कोरोनाला नवा उघडला. (कॅलिफोर्नियातलं गाव. विषाणूचे विनोद करून झालेत, नको.) तुमच्या काकांची गिटार बहुधा तिथलीच.

माझं स्पष्ट मत: ही जुन्याची नक्कल असली तरी त्या काळच्या फेंडरने प्रामाणिकपणे केलेलं काम आहे. मला सत्तरच्या दशकातली 'ओरिजिनल' आणि ही यात निवडायला सांगितलं तर डोळे मिटून ही घेईन.

ओळखण्याबद्दल: ब्रिजवरच्या नंबरवर विसंबू नका, तो पत्रा चार स्क्रूंनी बदलता येतो. स्विच आणि नॉबची पट्टी उचला आणि पॉटच्या पाठीवरचा आकडा वाचा. १३७ ने सुरुवात असेल तर पॉट सीटीएस कंपनीचा. त्यापुढे वर्ष आणि शेवटी आठवडा. पॉट ज्या वर्षीचा, गिटार त्याच्या आधीची असू शकत नाही. (पॉट कुणी बदललेला नसेल तर. म्हणून सोल्डरही नीट बघा.)

प्रतिसाद ४

सेटअपचं मी सांगतो.

सूर मरणं हासुद्धा बिघाड नाही. या नेकची गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची, आजच्या बहुतेक फेंडरची ९.५. त्रिज्या जितकी कमी तितकी गोलाई जास्त, आणि तितकी बेंड केलेली तार पुढच्या फ्रेटच्या उंचवट्यावर टेकते. १७ व्या फ्रेटवर जाड तारेखाली २ मिमी आणि बारीक तारेखाली १.६ मिमीच्या आसपास ठेवा, त्याखाली हट्ट नको.

ट्रस रॉडचा स्क्रू नेकच्या बुडाशी आहे, बॉडीच्या खाचेत लपलेला. तारा ढिल्या करून, मागचे चार स्क्रू सोडवून नेक उचलावी लागते. पाव फेरा द्या, परत बसवा, तारा सुरात आणा, मग बघा. पावसाळ्यात दमट हवेने नेक हलते, तेव्हा हे काम गणपतीनंतर केलेलं बरं, नाहीतर दिवाळीत पुन्हा तेच.

तीन सॅडल म्हणजे दोन तारांना मिळून एक. दोघींचं इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) एकदम अचूक लागत नाही, तडजोड करावी लागते. फारच खुपलं तर तिरके कापलेले पितळी सॅडल मिळतात, मूळचे डबीत जपून ठेवा.

अवांतर: फिनिश नायट्रोसेल्युलोज लॅकरचं असणार. रबरी स्टँडवर ठेवू नका, डाग पडतात आणि ते जात नाहीत.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. रिपेरवाल्याला 'नको' म्हणून कळवलं.

काल काकांसमोरच पट्टी उघडली. दोन्ही पॉटवर १३७ आणि पुढे ८७. सोल्डरला कुणी हात लावलेला दिसत नाही. मावसभाऊ तेव्हापासून दुसऱ्या विषयावर बोलतोय.

आणखी एक: हार्डकेसच्या कप्प्यात एक प्लास्टिकची पिशवी निघाली. आत एक कपॅसिटर, थोडी वायर आणि वायरिंगची आकृती असलेला कागद. काकांना ते काय आहे माहीत नाही. मला मधल्या पोझिशनला दोन्ही पिकअप हवेच आहेत, बँडमध्ये ताल धरायला तोच आवाज लागतो. हे सामान त्याचंच का?

प्रतिसाद २ (पुन्हा)

त्याचंच! जुनं वायरिंग नको असेल त्यांच्यासाठी कंपनी बदलाचं सामान गिटारसोबतच द्यायची. म्हणजे बदल केलात तरी काही पाप नाही. सोल्डरिंग येणाऱ्याकडूनच करून घ्या, आधी चारही बाजूंनी फोटो काढा, जुन्या वायरी कापू देऊ नका, फक्त सोडवा. काढलेला प्रत्येक भाग त्याच पिशवीत, कागदासकट.

आणि सौदा ठरायच्या आधी काकांना ब्रिजवरच्या स्टीलच्या झाकणाबद्दल विचारा. त्याला 'ॲशट्रे' म्हणतात. तळहाताने तारा दाबता येत नाहीत म्हणून सगळेच ते काढून कुठेतरी टाकतात. माळ्यावर नाहीतर स्वयंपाकघरात बघायला सांगा.