मदत हवी आहे: मिलिंग मशीनच्या टेबलाला नवा ट्रॅपेझॉइडल स्क्रू की बॉलस्क्रू?

फोंड्याला घराच्या पडवीत माझे एक छोटे, हाताने चालवायचे मिलिंग मशीन आहे. त्याच्या टेबलाच्या लांबीकडील स्क्रूमध्ये मध्यभागी ०.४५ मिमी खेळ (बॅकलॅश, म्हणजे हँडल उलट फिरवल्यावर टेबल हलण्याआधीची मोकळी चाल) आला असून दोन्ही टोकांना तो जेमतेम ०.१२ मिमी आहे. डायल गेज लावून तीनदा मोजले. गिब (टेबलाच्या सरकपट्टीतली ढिलाई काढणाऱ्या पट्ट्या) सारखे केले, हँडलाकडचे थ्रस्ट बेअरिंग बदलले आणि चीर दिलेला ब्राँझचा नट आवळूनही पाहिला, पण मधला खेळ घालवावा तर टोकाकडे हँडल जाम होते. म्हणजे झीज मुख्यतः स्क्रूचीच आहे, असे माझे मत झाले आहे.

सध्याचा स्क्रू ट्रॅपेझॉइडल (समलंब आकाराच्या आट्यांचा), २० मिमी व्यासाचा, ४ मिमी पिचचा (एका फेऱ्यात टेबल ४ मिमी सरकते), उजव्या आट्यांचा आहे. डायलवर ८० भाग आहेत. बाजारात सहज मिळणारा बॉलस्क्रू (ज्याच्या नटात आट्यांवरून छर्रे फिरतात) ५ मिमी पिचचा असल्याने एक भाग ०.०५ ऐवजी ०.०६२५ मिमीचा होईल आणि डायल निरुपयोगी ठरेल, तेव्हा डिजिटल रीडआउट (टेबलाची जागा आकड्यांत दाखवणारे उपकरण) बसवणे आलेच. त्याची माझी तयारी आहे. बॉलस्क्रूचा नट बसवायला सॅडल (टेबलाखालचा आधार) कापण्याची मात्र नाही, आणि सीएनसी करण्याचा विचारही नाही. (पावसाळ्यात पडवीत उघड्या बॉलस्क्रूला गंज चढेल, ही धास्ती वेगळीच.)

बॉलस्क्रू स्वतःहून अडत नाही (टेबल ढकलले तर स्क्रूच फिरतो), त्यामुळे हाताने फीड देताना, विशेषतः क्लाइम्ब मिलिंगमध्ये (कटरचे दात फीडच्याच दिशेने कापतात तेव्हा), कटर टेबल ओढून नेतो का, हे कोणी प्रत्यक्ष अनुभवले आहे का? आणि ट्रॅपेझॉइडलच ठेवायचा तर गोव्यात किंवा बेळगावला स्क्रूच्या मापाने ब्राँझचा नट कोण अचूक कापून देते?